बाबांच्या पानासाठी लालबागला

प्रवासाला जाऊन आलेल्या माणसानं दिवाळीच्या बैठकीत चार शब्द बोलायचे, ही कलकत्त्यातल्या आपल्या मराठी मंडळींची रीत. हरिद्वार, रामेश्वर, पुरी सगळं या बैठकीत ऐकून झालं आहे. यंदा मी मुंबईहून आले आणि पाळी माझ्यावर आली. उभं राहून बोलणं मला जमत नाही, हे मला शाळेपासून पाहणाऱ्यांना माहीत आहे. तेव्हा लिहून देते. कुणीतरी वाचून दाखवावं. मी त्या वेळी चहाच्या भांड्यांपाशी असेन.

आपल्यातल्या पुष्कळांचं मूळ मुंबईचं असलं, तरी इथं जन्मलेल्या आम्हा मुलांना मुंबई दिसते ती लग्नकार्यापुरती. मी गेले म्हाळासाठी. कोकणातल्या घरांतून पितृपक्षात एक दिवस घरच्या सगळ्या गेलेल्यांसाठी रांधतात, केळीच्या पानावर वाढून ठेवतात आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांसह जेवतात, तो म्हाळ. बाबांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. वर्ष झालं की माणूस पितरांत जाऊन बसतो आणि तिथून पुढं घरच्या म्हाळाला त्याचंही पान मांडतात. घर म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची, काकांची, लालबागच्या चाळीतली खोली. काकांचं कार्ड आलं होतं, "दादाचं यंदा पहिलं पान. तुमच्यापैकी कुणीतरी असावं."

आई गेली नाही. का, ते आईचं. मी गेले, कारण ते पान मला माझ्या हातानं मांडायचं होतं. हे मी कुणालाही बोलले नव्हते.

गिरगाव

पहिले दोन दिवस मामाकडे काढले. मामाची वाडी चर्नी रोडच्या अलीकडे, मुख्य रस्त्यावरून आत शिरलं की एकदम शांत. मामा फोर्टमधल्या कचेरीत हेडक्लार्क. त्याच्या घरी टेबलावर जेवतात आणि जेवताना हळू बोलतात, त्यामुळे मला तिथं कधी अवघडल्यासारखं होत नाही. मामीनं वालाचं बिरडं केलं होतं. डाळिंब्या सोलून सोलून तिच्या बोटांची टोकं सुरकुतली होती, आणि तरी ती म्हणत होती, "काही विशेष नाही केलं गं."

वाडीबाहेरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत डांबरानं लिहिलं होतं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. कुणीतरी त्यावर चुना फासला होता आणि चुन्यावर पुन्हा तेच लिहिलं होतं. मामा कचेरीला जाताना त्या भिंतीकडे बघत नसे. मामी मात्र भाजी आणायला जाताना रोज बघते असं मला वाटलं.

"इंदू, लालबागला जायलाच हवं का?" मामानं विचारलं. "तिकडे आज मोर्चा, उद्या हरताळ. अश्रुधूर सोडतात."

"पान आहे, मामा."

"पान इथंही मांडता येईल. भटजींना निरोप पाठवतो."

"अहो, असं काय म्हणता?" मामी म्हणाली. "माणूस तिथला, आणि पान इथं?"

मामानं ताट बाजूला सारलं. मग समोरच्या खुर्चीकडे बोट करून म्हणाला, "तुझे बाबा आले की त्या खुर्चीच्या कडेवर बसायचे. अर्धा कप चहा. 'बरं आहे, निघतो.' इतक्या वर्षांत त्यांनी कधी पाठ टेकली नाही त्या खुर्चीला."

हे ऐकून मला बरं वाटलं. हा माणूस माझ्या ओळखीचा होता. आमच्या घरीही बाबा असेच. कारखान्यातून आले की इंग्रजी वर्तमानपत्र, मग जेवण, मग पुन्हा वर्तमानपत्र. माझ्याशी ते इंग्रजीत बोलायचे, थोडं आणि नीट, आणि मी तसंच उत्तर द्यायची. आमच्यात भांडण कधीच झालं नाही. भांडायला जितकं बोलावं लागतं तितकं आम्ही बोललोच नाही.

लालबाग

मामानं मला ट्रामनं लालबागच्या नाक्यापर्यंत आणलं आणि चुलत बहिणीच्या ताब्यात देऊन तो तिथूनच परत फिरला. शालन माझ्याच वयाची, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवते. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इंदू ना? फोटोत उंच वाटतेस गं. दे ती बॅग. अगं दे, मोडत नाही मी."

गणपती नुकतेच गेले होते. मांडवांचे बांबू रस्त्याच्या कडेला रचून ठेवले होते. इकडे आपल्याकडे त्याच सुमाराला दुर्गापूजेचे बांबू उभे राहत असतात. तिथं उतरवलेले बांबू पाहून मला आपण उशिरा पोचलो आहोत असं उगीचच वाटलं. गिरणीचा भोंगा झाला. शालन बोलता बोलता थांबली, भोंगा संपू दिला आणि वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढं चालू केलं.

चाळीच्या जिन्याखाली उभं राहून तिनं दोन बोटं ओठांना लावली आणि शिट्टी घातली. खालून वर जाणारी, शेवटी गिरकी घेणारी. वरच्या गॅलरीतून काकी डोकावली.

"मुलींनी शिट्टी घातलेली चालते इथं?" मी विचारलं.

"मोठ्या बाबांनी शिकवली. ते आले की इथूनच वाजवायचे. मग सगळी पोरं जिन्यात धावायची."

मोठे बाबा म्हणजे माझे बाबा. बाबांना शिट्टी येत होती हे मला त्या जिन्याखाली कळलं.

काकी मालवणी बोलते. मला ती बोली समजते, बोलता येत नाही. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. "इलंस गो बाय? बघ शालन, नाकाची दांडी थोरल्यांची. बस. चाय घेतलंस काय?"

काका खोलीत नव्हते. कार्ड टाकल्यानंतर थोड्याच दिवसांत सत्याग्रहात त्यांना पकडलं होतं आणि शिक्षा होऊन ते तुरुंगात होते. काकीनं हे सांगितलं ते माणूस गावी गेला असावा अशा सुरात. मग पदर तोंडावर ओढून ती बराच वेळ स्टोव्हला पिन मारत राहिली.

खोलीत भिंतीला खिळ्यांची रांग होती. त्यांवर कपडे, पिशव्या, छत्री. दाराजवळचा एक खिळा तेवढा रिकामा. मी माझी पर्स त्याला अडकवायला गेले तशी शालन चटकन म्हणाली, "तिथं नको गं. तो मोठ्या बाबांच्या कोटाचा." आणि लगेच जीभ चावून, "म्हणजे... अडकव, अडकव. तुझेच बाबा ते."

मी पर्स मांडीवर ठेवली.

कारखान्याच्या कामासाठी बाबा वर्षातून एकदा-दोनदा मुंबईला जात आणि भावाकडे उतरत, हे आम्हाला ठाऊक होतं. परत आल्यावर आई विचारायची, "कशी आहेत सगळी?" बाबा म्हणायचे, "बरी आहेत." त्या 'बरी आहेत'मध्ये काय काय होतं ते मला त्या संध्याकाळी शालन सांगत होती, आणि एकेक गोष्ट ऐकताना माझा चेहरा आखडत होता. ते कोट काढून लेंग्यावर या जमिनीवर आडवे पडायचे. मालवणीतून नकला करायचे, पलीकडच्या खोलीतल्या तात्यांची तर तात्यांसमोर. पत्ते खेळताना लबाडी करायचे. शालननं शिक्षिका व्हावं हा हट्ट त्यांचा. काका नको म्हणत होते, तर बाबांनी म्हणे एक दिवस अन्न घेतलं नाही.

माझ्यासाठी त्यांनी अन्न सोडावं अशी वेळच कधी आली नव्हती. मी मागितलं नव्हतं असं काही, आणि मी काय मागावं हे त्यांनीही विचारलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला त्या मुलीचा राग आला. माझ्या वडिलांचा सगळा हसरा भाग हिनं इथं ठेवून घेतला आणि उरलेला माणूस गाडीत बसवून आमच्याकडे पाठवला, असं काहीतरी. मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. त्यात मी तयार आहे.

जेवताना काकी म्हणाली, "परवा म्हाळ. पुरुषमाणूस कोण नाय घरात. तात्या म्हणतत, चेडवान पान मांडला तरी चलता. तेवा थोरल्यांचा पान शालन मांडतली. तुका सोवळ्याचा जमाचा नाय गो. तू आपली पावणी."

पाहुणी. चेडू म्हणजे मुलगी, आणि ती या घरात शालन. मी मान हलवली. जे करायला इतक्या लांबून आले होते ते बोललेच नाही. आणि काकीचं काही चुकत होतं का? खिळा कुणाचा हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

दादर

म्हाळाच्या दिवशी हरताळ पुकारलेला होता, म्हणून सगळी खरेदी आदल्या दिवशी उरकायची होती. शालननं शाळेतून अर्धी रजा घेतली आणि आम्ही दादरच्या बाजारात गेलो. पुलाखाली वसईहून आलेल्या भाजीवाल्या ओळीनं बसतात. अळू, लाल भोपळा, पडवळ, भेंडी, केळीची पानं. शालन प्रत्येकीशी भांडली आणि प्रत्येकीनं तिला शेवटी मूठभर जास्त दिलं. आपल्याकडच्या बाजारात माशावरून भाव करतात त्याहून हे फार वेगळं नाही, फक्त इथं आवाज जास्त आणि गोडवा कमी.

नारळवाल्यानं नारळ कानाशी धरून हलवता हलवता विचारलं, "शेट बरेच दिस नाय इले? निवडून घेनारे?"

"गेले ते," शालन म्हणाली. "उद्या पान आहे त्यांचं. ही त्यांची मुलगी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हातातला नारळ बाजूला ठेवून दुसरा काढून दिला.

पुढं ती मला एका इराण्याकडे घेऊन गेली. बाबा तिला लहानपणी याच टेबलाशी बसवून पाव-मस्का खाऊ घालायचे आणि पाढे विचारायचे. चुकलं की तिच्या पावातला एक तुकडा त्यांचा.

"सतरापर्यंत पाढे मी उपाशीपोटी शिकले गं," ती हसली. "तुला असंच शिकवलं असेल ना?"

"मला नन्सनी शिकवले," मी म्हटलं. "इंग्रजीत."

ती हसायची थांबली. मला ते बरं वाटलं. तिला जरा लागावं अशीच माझी इच्छा होती.

नारळ, गूळ आणि वेलची कशासाठी, तर शिरवाळ्यांसाठी. तांदळाच्या उकडीचे गोळे लाकडी साच्यातून दाबले की त्याच्या शेवया पडतात, त्या नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. बाबांच्या जिवाभावाचा पदार्थ. म्हाळाला ज्याचं पान त्याची आवड त्यावर असावी लागते. परतताना शालननं विचारलं, "तुमच्याकडे शिरवाळे होत असत का?"

"नाही."

"मग काय आवडायचं मोठ्या बाबांना तिकडं?"

मी आठवून पाहिलं. समोर येईल ते ते खात. काय आवडतं असं कधी म्हणालेच नाहीत. "सगळंच," मी म्हटलं. ते उत्तर मला स्वतःलाच खोटं लागलं.

म्हाळाचा दिवस

हरताळामुळे लालबाग इतकं शांत होतं की कावळ्यांचं ओरडणं नाक्यापर्यंत पोचत असावं. भोंगा नाही, ट्राम नाही. दुकानांच्या फळ्या लावलेल्या. मधूनच पोलिसांची लॉरी जाई आणि गॅलऱ्यांमधल्या बायका ती वळेपर्यंत कठड्याला धरून उभ्या राहत.

सकाळी न्हाऊन आम्ही कामाला लागलो. शिरवाळ्यांचा साचा शेजारून आणलेला होता. तो दाबायला मला बसवलं. मी सगळा भार टाकला तरी साचा हलेना.

"अगं, जेवतेस की नाही घरी?" शालन मला बाजूला सारून स्वतः बसली. शेवया भराभर उतरल्या. "मोठे बाबा दाबायचे. लेंगा वर खोचून. आई ओरडायची, पुरुषासारखा पुरुष, चुलीत कशाक येता?"

आमच्या कलकत्त्याच्या स्वयंपाकघराचा उंबरठाही बाबांनी कधी ओलांडल्याचं मला आठवत नव्हतं. मी साच्याला चिकटलेलं पीठ खरवडत बसले.

काकी गॅलरीत पानं पुसत होती. शालन तात्यांना बोलवायला गेली. जाताना तिनं मला नारळाच्या रसापाशी बसवलं, "ढवळत राहा. फाटला तर पुन्हा करायला नारळ नाहीत."

मी ढवळत राहिले. रस कोमट झाला, वेलचीचा वास सुटला. आणि मी चमचाभर रस तळहातावर घेतला आणि जिभेला लावला.

पितरांचं चाखत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडे सत्यनारायण होतो, मी इतकी काही मेम नाही. हात आपोआप गेला.

"काय केलंस?" दारात शालन उभी होती, मागं तात्या. "चाखलंस? अगं, चाखलंस तू?"

काकी पानं टाकून आत आली. तात्यांनी छताकडे पाहिलं. शेजारच्या दोघीजणी गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. पातेलं उष्टं झालं होतं, नारळ संपलेले होते आणि सगळ्या लालबागेत एक दुकान उघडं नव्हतं. बाबांच्या पानावर ठेवायला त्यांची आवड उरली नव्हती, आणि ती मी घालवली होती.

"एक दिवस," शालनचा आवाज चढला. "वर्षातून एक दिवस त्यांचा. तेवढंही तुला..."

"मी रोज चाखायचे," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पण आता थांबवता येईना. मी सांगितलं की शेवटच्या आजारात बाबांच्या अंगावर सूज होती आणि डॉक्टरांनी मीठ पूर्ण बंद केलं होतं. त्यांना फक्त पेज चालायची. आमचा स्वयंपाकी दयाळू, त्याला बाबांचं तोंड बघवत नसे, तो नजर चुकवून चिमूटभर मीठ टाकायचा. म्हणून भरवण्याआधी प्रत्येक वाटी मी चाखून बघायची. मीठ लागलं तर ओतून द्यायची आणि दुसरी करायची. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी चाखलं की विचारायचे, "आहे?" मी म्हणायची, "नाही, बाबा." ते म्हणायचे, "बरं." हे मराठीत. शेवटी शेवटी ते माझ्याशी इंग्रजी बोलेनासेच झाले होते.

"वाटी हातात घेतली की चाखायची, अशी सवय लागली मला," मी म्हटलं. "चुकले."

शालन खाली बसली.

"ते आजारी होते तेव्हा मी यायला निघाले होते," ती म्हणाली. "तिकिटाचं बघितलं होतं. आमचे बाबा म्हणाले, परकं घर ते, तिथं तुझी अडचण होईल. मग तारच आली." थोडं थांबून म्हणाली, "तू भरवायचीस?"

"हो."

"हातानं?"

"चमच्यानं. शेवटी हातानं."

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला चांगली ओळखीची होती. आल्यापासून मी तिच्याकडे त्याच नजरेनं बघत होते. तिच्याजवळ नसलेलं काहीतरी माझ्याजवळ होतं आणि ते तिला सोसत नव्हतं. मला बरं वाटलं असं लिहिते, कारण वाटलं.

"तांदूळ कसलो?" काकीनं एकदम विचारलं. "पेजेचो?"

"आमच्याकडचा. सिद्ध तांदूळ, आधी उकडून मग कांडलेला." आणि मग काकीनं डबा उघडून मला दाखवला, तो जाडा, तांबूस उकडा तांदूळ. कोकणातला. आपल्याकडे बाकीची मराठी घरं पांढरा तांदूळ शोधत बाजारभर हिंडतात आणि बाबा मात्र बंगाल्यांचा तो जाडा भात निमूट जेवत, याचं आईला नेहमी आश्चर्य वाटायचं. समोर येईल ते खात नव्हते ते. त्यांना त्यात गावचा भात सापडला होता, आणि ते कुणाला सांगत नव्हते.

"हाच," मी म्हटलं.

"मगे रडतंस कित्याक? पेज कर." काकीनं डबा माझ्या मांडीवर ठेवला. "शिरवाळे आपण खावया. ज्या घासार माणूस गेलो तो घास पानार होयोच."

"पण पान..." शालन म्हणाली.

"जिना भरवल्यान, तिनाच मांडूचा." काकीनं माझ्या हाताला धरून मला चुलीपाशी बसवलं. "पितरांका पोट खंय असता गो? कोण वाढता ता बघूक येतत ते."

तात्या म्हणाले, "तां ठीक. पण आता चाखू नुको, माझ्या आवशी!" आणि मला 'आई' म्हटलेलं ऐकून गॅलरीतल्या बायका हसल्या.

मी पेज केली. तांदूळ शिजून फुटले, पाणी दाट झालं. मिठाची बरणी शालननं माझ्यापुढं सरकवली आणि ती बघत राहिली. चाखायचं नव्हतं. आजवर मीठ नाही ना एवढंच पाहणाऱ्या मला किती घालायचं असतं ते कुठून कळणार? मी मूठ बरणीत घातली. बाबांचा 'आहे?' आठवला. घातलं. मग आणखी थोडं घातलं.

गच्चीच्या कठड्यावर पानं मांडली. आजोबांचं, आजीचं, लहानपणी गेलेल्या एका आत्याचं शालननं मांडलं, आणि शेवटचं मी. तात्या हात जोडून गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गाऱ्हाणं म्हणजे देवाला आणि पूर्वजांना मोठ्यानं, सगळ्यांच्या वतीनं घातलेलं साकडं. तात्यांचं एक वाक्य झालं की जमलेल्या सगळ्यांनी हुंकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा! गावापासून लांब, ह्या लालबागच्या गच्चयेर तुझी लेकरा पितरांका पान मांडून उबी आसत रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"घरचो कर्तो तुरुंगात आसा. तो चोरी करूक गेलो नाय, मुंबय मागूक गेलो. तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" काकांना घरी आणण्याचा हा हुंकार समोरच्या चाळीच्या गॅलऱ्यांतूनही आला. खाली कोपऱ्यावरचे पोलीस मान वर करून बघू लागले.

"आणि ज्या थोरल्यान परमुलखात डोळे मिटल्यान, तेचा पान तेच्या चेडवान मांडल्यान हा. काय चुकला माकला तां पोटात घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मी म्हटलं. बाकीच्यांच्या मागून, पण म्हटलं.

कावळे आले. आजोबांच्या पानावर त्यांची मारामारी झाली. बाबांच्या पानावरचा वडा एकानं उचलला, दुसऱ्यानं पेजेत चोच घातली आणि लगेच काढून झटकली.

"खारट लागली त्याला," शालन माझ्या कानाशी पुटपुटली.

दुपारी चाळीतली माणसं पंगतीनं जेवून गेली. काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, खीर, आणि ते उष्टावलेले शिरवाळेसुद्धा, ज्यांच्या रसाला कुणी नावं ठेवली नाहीत. पत्रावळ्या उचलताना काकी म्हणाली, "फुडल्या वर्साक तुझो काको सुटान येतलो. तरी थोरल्यांचा पान तुझ्याच हातचा. लवकर ये, साचो दाबूक शिकवतंय." मी हो म्हटलं. आजवर मला वर्षाच्या एका ठरावीक दिवशी कुठं असायलाच हवं असं नव्हतं.

सगळं आवरल्यावर शालन आणि मी उरलेल्या पेजेचं पातेलं मधे घेऊन गॅलरीत बसलो. तिनं वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटले.

"आई गं! समुद्र ओतलास की काय?"

मीही प्यायले. खरंच फार खारट झाली होती.

"इतकं खायचे ते?"

"इतकं मागायचे," मी म्हटलं.

आम्ही पीत राहिलो. तिनं मला जिन्याखालच्या शिट्टीची गिरकी कशी घ्यायची ते दाखवलं, ती मला आली नाही. मी तिला शेवटच्या दिवसांतलं जे सांगण्यासारखं होतं ते सांगितलं. जे सांगायचं नव्हतं ते ठेवून घेतलं. तिनंही काहीतरी ठेवून घेतलं असणार.

पातेल्यात शेवटची वाटीभर पेज उरली तेव्हा मात्र आमचं भांडण झालं. ती म्हणाली मी पाहुणी, मी म्हणाले मी मुलगी. शेवटी तिनं पातेलंच उचलून तोंडाला लावलं आणि माझ्याकडे बघत सगळं संपवलं. पुढच्या वर्षी ते माझं.